कैलास शेवटी पाहा: वेरूळची हिंदू लेणी एका दिवसात

वेरूळला जाऊन आलेल्या बहुतेकांना काय पाहिलं असं विचारलं, तर उत्तर एकच येतं: कैलास. दारातून आत शिरायचं, मान मोडेपर्यंत वर बघायचं, हत्तीपाशी फोटो काढायचे आणि पाऊण तासात बाहेर येऊन उसाचा रस प्यायचा. पहिल्या खेपेला मीही एवढंच केलं होतं. घरी येऊन फोटो पाहताना लक्षात आलं की अर्ध्या शिल्पांत काय चाललंय तेच मला कळलेलं नव्हतं.

कैलासाची अडचणच ही आहे. तिथे सगळं एकदम अंगावर येतं. शिवाच्या त्याच सात-आठ कथा आजूबाजूच्या लहान लेण्यांमध्ये डोळ्यांच्या उंचीवर, निवांतपणे पाहायला मिळतात. त्या आधी तिथे ओळखीच्या करून घ्यायच्या आणि मग कैलासात जायचं. म्हणून या लेखातला क्रम नेहमीच्या सहलीच्या उलटा आहे.

आधी जागेचा अंदाज

वेरूळला क्रमांक दिलेली ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. डोंगराचा कडा साधारण दक्षिणोत्तर पसरलाय आणि लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे दिलेत, त्यांचा काळाशी संबंध नाही. २१ आणि २९ ही लेणी सहाव्या शतकाच्या आसपासची, म्हणजे आठव्या शतकातल्या १६ क्रमांकाच्या कैलासाहून बरीच जुनी.

कैलास मुख्य फाटकाच्या जवळजवळ समोर आहे. त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलं की १५, १४ आणि बौद्ध लेणी उजव्या हाताला, तर १७ पासून पुढची डाव्या हाताला. एवढं ध्यानात राहिलं तरी नकाशाची गरज पडत नाही.

जायचं कधी, कसं

वेरूळ मंगळवारी बंद असतं. अजिंठा सोमवारी बंद असतं. या दोन वारांची गल्लत करून फाटकावरून परत फिरणारी कुटुंबं दर आठवड्याला दिसतात. बाकीचे दिवस साधारण सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत लेणी उघडी असतात. भारतीयांना तिकीट ४० रुपये आहे आणि १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना लागत नाही. तिकीट मोबाइलवरूनही काढता येतं, पण फाटकापाशी रेंजच्या भरवशावर राहू नका, आदल्या रात्रीच काढून ठेवा.

छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नड, चाळीसगावकडे जाणारी एसटी वेरूळवरून जाते. अंतर सुमारे ३० किलोमीटर, वेळ तासभर. वाटेत देवगिरीचा किल्ला आणि खुलताबाद लागतं. इथेच मोह होतो. गाडीवाले 'देवगिरी, वेरूळ, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा' असा एका दिवसाचा बेत गळ्यात मारतात. तो घेऊ नका. देवगिरी चढून उतरेपर्यंत पायांचं पाणी होतं आणि वेरूळच्या वाट्याला दोन तास उरतात. किल्ला दुसऱ्या दिवशी करा. दिवाळीच्या सुमारास गेलात तर वाटेवर थांबून दौलताबादची सीताफळं तेवढी घ्या.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो आणि २९ क्रमांकाच्या शेजारचा धबधबा वाहू लागतो, पण पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि आत अंधारून येतं. एप्रिल-मेमध्ये काळा दगड दुपारी तव्यासारखा तापतो. तेव्हा जायचंच असेल तर पायमोजे जवळ ठेवा, गाभाऱ्यापाशी चपला काढल्या की त्यांची किंमत कळते.

पिशवीत काय हवं

पाणी, टोपी, घट्ट पकडीचे बूट आणि एक चांगली विजेरी. मोबाइलचा दिवा चालतो, पण तो पसरट पडतो आणि शिल्प सपाट दिसतं. लहान विजेरी हातात धरून बाजूने तिरका प्रकाश टाकला, तर झिजलेला चेहराही उठून दिसतो. रंगाचे अवशेष असतील तिथे मात्र दिवा रोखून धरायचा नाही आणि फ्लॅश तर नाहीच. तिपाई परवानगीशिवाय आत नेऊ देत नाहीत.

खाऊच्या पिशव्या बाहेर ठेवा. माकडं धीट आहेत, प्लास्टिकचा आवाज झाला की झडप पडते. कड्यावर आग्या मोहोळं असतात. त्यांच्या खाली आरडाओरडा, धूर, दगड मारणं असलं काही करायचं नाही आणि दुसरं कोणी करत असेल तर तिथून निघून जायचं.

वाटाड्या घ्यायचा तर सरकारी ओळखपत्र असलेला घ्या आणि आधीच सांगा: 'आम्हाला १४, १५, २१, २९ आणि शेवटी कैलास पाहायचाय.' हा क्रम ऐकून जो कपाळाला आठ्या घालेल, त्याला सोडून द्या.

सकाळ: चौदा क्रमांकापासून सुरुवात

साडेआठ-नऊला फाटकातून आत आलात की कैलासाच्या दारात गर्दी दिसेल. तिच्याकडे पाठ फिरवून उजवीकडे चालू लागा. १४ क्रमांकाच्या लेण्याला 'रावण की खाई' म्हणतात. नावावरून वाटतं तसं इथे भयंकर काही नाही, एक शांत दालन आहे.

आत गेल्यावर पहिली दोन मिनिटं काहीच करू नका. सकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो, त्यामुळे उजेड मंद असतो आणि डोळे सरावायला वेळ लागतो. बाहेरून येणारे लोक याच दोन मिनिटांत 'इथे काही नाही' म्हणून परत जातात.

इथे उजव्या भिंतीवर शैव शिल्पं आहेत, तर डाव्या भिंतीवर देवी आणि विष्णूची: दुर्गा, गजलक्ष्मी, पृथ्वीला उचलणारा वराह. दोन्ही भिंतींवर खांबांच्या चौकटीत एकेक प्रसंग बसवलाय. आपली शाळा उजव्या भिंतीपाशी भरवायची. तीन प्रसंग पाठ करा.

पहिला सारीपाट. शिव-पार्वती सोंगट्या खेळतायत. वेरूळच्या शिल्पींना हा विषय फार आवडत असावा, तो जागोजागी भेटतो. हरलेला शिव 'आणखी एक डाव' म्हणतोय आणि पार्वती रुसलीय, असं या दृश्याचं वर्णन सहसा करतात. देवांकडे बघून झालं की खाली नंदीकडे बघा. शिवाचे बुटके गण त्याला छळत असतात, कोणी शेपूट ओढतोय, कोणी अंगावर चढतोय. गावातल्या पोरांनी बैलाला सतवावं तसं.

दुसरा रावणानुग्रह. खाली रावण अनेक हात पसरून कैलास पर्वत हलवतोय, वर शिव-पार्वती बसलीत. शिवाने पायाचा अंगठा दाबला की पर्वत जागच्या जागी बसतो आणि रावण खाली अडकतो. शिल्प ओळखायची खूण म्हणजे खाली पाठमोरा किंवा तिरका बसलेला, खूप हातांचा माणूस.

तिसरा अंधकासुरवध. हा सर्वांत गोंधळाचा. शिवाच्या डोक्यावर हत्तीचं कातडं ताणलेलं, हातातल्या शूळावर एक छोटा देह टोचलेला आणि खाली वाडगं धरलेलं. अंधकाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून नवा असुर उभा राहायचा, म्हणून ते रक्त झेलण्याची ही धडपड. मत्स्यपुराणात याच कामासाठी मातृका निर्माण झाल्याचं सांगितलंय. गाभाऱ्याच्या प्रदक्षिणामार्गात त्या बसलेल्या आहेत. ओळीत बसलेल्या बायका, त्यांच्यापाशी मुलं, आसनाखाली ज्याचं-त्याचं वाहन आणि बाजूला गणपती दिसला की समजायचं, सप्तमातृका. हाडांचा सापळा दिसणारी आकृती पाहून दचकू नका, तो काळ.

चौदाला तासभर द्या. इथला तास पुढे दोन तास वाचवतो.

पंधरा: दशावतार

शेजारच्या १५ क्रमांकाला जायला पायऱ्या चढाव्या लागतात. अंगणात एक सुटा, अखंड दगडातून कोरलेला मंडप आहे. त्यावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा उल्लेख असलेला लेख आहे. बदामीच्या चालुक्यांची सत्ता मोडणारा हाच राजा. त्याच्यानंतर गादीवर आलेला त्याचा चुलता कृष्ण पहिला. कैलासाचं श्रेय या कृष्णाला दिलं जातं. म्हणजे या अंगणातून शेजारच्या लेण्यात जाताना आपण पुतण्याकडून काकाकडे जातो.

खालचा मजला झटकन पाहून वर जा. वरचं दालन मोठं आहे आणि इथे बाजू उलट झाल्यात: डावीकडे शिव, उजवीकडे विष्णू. नाव दशावतार असलं तरी निम्मं दालन शिवाचं आहे. उजव्या भिंतीवरचा नरसिंह चुकवू नका. बहुतेक ठिकाणी हिरण्यकशिपू मांडीवर आडवा पडलेला असतो. इथे तो अजून उभा आहे, हातात ढाल-तलवार आहे आणि नरसिंहाने नुकताच त्याला गाठलाय. मागच्या भिंतीवर लिंगोद्भव: ज्योतीच्या स्तंभातून प्रकटलेला शिव आणि त्याचा ठाव घ्यायला निघालेले ब्रह्मा-विष्णू.

डाव्या भिंतीपाशी आलात की चौदाची परीक्षा द्या. वाटाड्याला गप्प बसायला सांगून अंधकासुर कुठला ते स्वतः शोधा. मुलं बरोबर असतील तर त्यांच्यात पैज लावा. ती मोठ्यांच्या आधी शोधतात, हातात विजेरी मात्र त्यांच्याच द्यावी लागते.

एकवीस: रामेश्वर

आता कैलासासमोरून डावीकडे चालत या. दारातून डोकावू नका म्हणणं अवघड आहे, डोकावा आणि पुढे चला. २१ क्रमांकाचं लेणं लहान आहे. अंगणात उंच चौथऱ्यावर नंदी बसलाय. दर्शनी भागाच्या डाव्या टोकाला मकरावर उभी असलेली गंगा आहे. माझ्या मते वेरूळमधली सर्वांत देखणी स्त्रीप्रतिमा हीच. कमरेतला बाक, खाली मगरीसारखा मकर, बाजूला सेवक. हिला सकाळचा मंद उजेड पुरत नाही. जमलं तर संध्याकाळी परतताना पुन्हा एकदा या, तेव्हा ऊन थेट तिच्या अंगावर असतं.

आत डावीकडच्या दालनात शिव-पार्वतीचं लग्न आहे. पाणिग्रहणाचा क्षण, लाजलेली पार्वती, वऱ्हाडी देव. उजवीकडे पुन्हा सप्तमातृका. चौदामधल्यांशी ताडून बघा.

एकोणतीस: धुमार लेणं

हे चालत गाठायला लांब आहे आणि बरेच लोक ते सोडतात. आवारात विजेवर चालणाऱ्या गाड्या जैन लेण्यांकडे जातात. बसण्यापूर्वी २९ पाशी उतरवतील का ते विचारून घ्या. पावसाळ्यात धबधब्याजवळची पायवाट बंद करतात, तेव्हा गाडीला पर्याय नाही.

धुमार लेण्याला तीन बाजूंनी वाट आहे, पायऱ्यांवर सिंह बसलेत आणि आत चार दारांचा गाभारा, प्रत्येक दारावर पुरुषभर उंचीहून मोठे द्वारपाल. मुंबईजवळचं घारापुरी पाहिलं असेल तर पाय ठेवताच ओळख पटते, कारण मांडणी तीच. घारापुरी पाहिलं नसेल तर इथे थोडा वेळ नुसतं फिरा. बाकीची लेणी भिंतींवर वाचायची, हे मात्र मोकळ्या जागेसाठी अनुभवायचं. तीन बाजूंनी येणारा उजेड खांबांमधून कसा सरकतो ते पाहण्यासारखं आहे. सारीपाट, लग्न, रावण, अंधकासुर इथेही आहेत, आणि एव्हाना तुम्ही त्यांना दुरून ओळखाल.

परत फिरण्यापूर्वी वेळ असेल तर ३० क्रमांकाचं 'छोटा कैलास' हे जैन लेणं नजरेखालून घाला. ते अर्धवट राहिलंय, आणि म्हणूनच उपयोगी आहे. परग्रहावरच्या लोकांनी कैलास एका रात्रीत कोरला असे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात. छिन्नीच्या खुणा आणि मध्येच थांबलेलं काम समोर दिसलं की असल्या गोष्टींना वेगळं उत्तर द्यावं लागत नाही.

मग बाहेर येऊन जेवा. तासभर सावलीत बसा. ही सूचना वेळ घालवायला दिलेली नाही, दमलेल्या माणसाला कैलासात फक्त आकार दिसतो.

दुपारी अडीच-तीन: कैलास

दोन-अडीच तास हाताशी हवेत. लेणी पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे उतरतं ऊन दर्शनी बाजूवर येतं आणि दगडाचा काळा रंग तांबूस होतो.

हे मंदिर बांधलेलं नाही, वरून खाली कोरत आणलंय. आधी कड्यात खोल चर खोदून मधला खडक सुटा केला, मग शिखरापासून पायथ्याकडे काम उतरवलं. मोकळा केलेला चौक सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद आहे, मंदिराची उंची सुमारे ३० मीटर. जुन्या मराठी कथेत याचं कारण छान सांगितलंय: राणी माणिकावतीने कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा नवस केला, तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या शिल्पीने आधी कळसच कोरून दाखवला. म्हणून याला माणिकेश्वरही म्हणत. ही कथा मंदिरानंतर कित्येक शतकांची आहे, पण काम वरून सुरू झालं एवढं तिला नेमकं ठाऊक होतं.

आत शिरताच समोर गजलक्ष्मी आहे. तिला मागे टाकून डावीकडे वळा. देवळाला उजव्या हाताशी ठेवून फिरायचं, नेहमीच्या प्रदक्षिणेसारखं. चौकात दगडी हत्ती आणि सुमारे १५ मीटर उंचीचे दोन स्तंभ आहेत. फोटो इथेच उरकून घ्या, म्हणजे पुढे मन मोकळं राहतं.

डावीकडे म्हणजे उत्तरेला गंगा, यमुना, सरस्वती या तीन नद्यांचं छोटं देऊळ आहे. देवळाच्या भिंतीवर महाभारताचा पट, ओळीओळीने कोरलेला. मागच्या ओवऱ्यांमधून हळूहळू चाला. उत्तरेकडच्या ओवरीत रावण आपली शिरं शिवाला वाहताना दिसतो. सकाळी पर्वत हलवणारा हाच. ओवरीतून वर लंकेश्वर नावाच्या लेण्याला जाणारा जिना आहे. जिना अंधारा आहे, पायऱ्या उंच-सखल आहेत, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं. वर गेलात तर तिथले ठेंगणे, नक्षीने भरलेले खांब आणि नटराज पाहा.

फिरता फिरता जोत्याकडे लक्ष द्या. हत्ती आणि सिंहांची रांग सगळं देऊळ पाठीवर घेऊन उभी आहे. एकेक हत्ती वेगळा आहे, कोणी गवत खातोय, कोणी झुंजतोय.

दक्षिणेला आलात की रामायणाचा पट, आणि त्याच बाजूला खोलगट कोनाड्यात वेरूळमधलं सर्वांत गाजलेलं शिल्प: कैलास हलवणारा रावण. सकाळी हा प्रसंग पाठ केल्याचं फळ इथे मिळतं. शिवाकडे आधी बघू नका. पार्वतीने त्याचा हात कसा घट्ट धरलाय ते बघा आणि तिच्या मागे पळत सुटलेली दासी बघा. खाली रावण भिंतीपासून इतका सुटा कोरलाय की त्याच्याभोवती सावली फिरते. धरणीकंपाचा क्षण, आणि त्यात शिव तेवढा स्वस्थ.

मग जिन्याने वर, सभामंडपात. १६ खांब, मधोमध उंच छत, पुढे गाभारा आणि शिवलिंग. चपला काढायच्या, आवाज खाली आणायचा. लोक हात जोडतात, कोणी बेल वाहतं. तुम्ही पर्यटक म्हणून आला असलात तरी लिंगाला टेकून फोटो काढायचा नाही, नंदीवर बसायचं नाही. पुढच्या मंडपाच्या छताकडे विजेरी न लावता बघा, रंगांचे थर अजून शिल्लक आहेत. एके काळी हे सगळं देऊळ चुन्याच्या गिलाव्याने पांढरं होतं आणि रंगवलेलं होतं, त्यावरून 'रंगमहाल' हे नाव पडलं. काळा दगड हेच त्याचं मूळ रूप असं समजून आपण उगीच हळहळतो किंवा भारावतो. गाभाऱ्याला बाहेरून फेरी मारली की पाच लहान देवळं लागतात, आणि शिखर इथे हाताच्या अंतरावर आल्यासारखं वाटतं.

बडोद्याला मिळालेल्या ८१२-१३ मधल्या राष्ट्रकूट ताम्रपटात या देवळाचं वर्णन आहे. ते पाहून देवही थक्क झाले, आणि हे आपण कसं केलं याचं खुद्द शिल्पीलाच नवल वाटलं, असा त्याचा आशय.

शेवटची गोष्ट वरून पाहणं. कैलासाच्या उजव्या अंगाने डोंगरावर वाट जाते. वाट उघडी असेल तरच जा आणि कड्यापासून चार पावलं मागे राहा, सेल्फीसाठी वाकायची ही जागा नव्हे. मंडपाच्या छपरावरचं कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह फक्त इथूनच नीट दिसतात. पहारेकरी शिट्टी वाजवायला लागले की मुकाट्याने खाली या.

घृष्णेश्वर त्याच दिवशी करायचं का

ज्योतिर्लिंग लेण्यांपासून किलोमीटरभरही नाही, त्यामुळे सगळे दोन्ही एकत्र करतात. पण ते चालतं देऊळ आहे, तिथले नियम वेगळे. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात जीर्णोद्धार केलेल्या या मंदिरात गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो आणि आत फोटो काढू देत नाहीत. श्रावणात, सोमवारी आणि महाशिवरात्रीला रांग तासन्‌तास चालते. दर्शन मनापासून घ्यायचं असेल तर वेरूळमध्येच मुक्काम करून पहाटे जा. मुक्काम नसेल तर लेण्यांच्या आधी, सकाळी लवकर उरकून घ्या. संध्याकाळी दमून रांगेत उभं राहिलं की लक्ष सगळं एसटीकडे असतं. ती शेवटची एसटी किती वाजता आहे, हे सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.